तिसऱ्या डब्यातली काडतुसं

पुंगळ्या आणि किस्से, दोन्ही आमच्या दुकानात सारख्याच वेगाने साचतात. पुंगळी म्हणजे काडतुसाची रिकामी पितळी नळी. बार उडाला की ती फेकायची नाही. घासूनपुसून खणात टाकायची, कारण ती पुन्हा भरता येते. किश्शांचंही तेच. एक काढायला खण उघडावा आणि दहा हाताला लागावेत! मैत्रिणी म्हणतात, "वेणू, एकदाचं लिहून काढ, म्हणजे आमची सुटका होईल." म्हणून हे.

आमचं दुकान चौकात. बंदुका आणि काडतुसांचं. राहतो माडीवर. काशीतल्या मराठी घरांत कोणी वेद शिकवतं, कोणी व्याकरण, कोणी यात्रेकरूंची श्राद्धं करतं. आमच्या आजोबांनी सरकारी लायसन काढून बंदुका विकायला घेतल्या, तेव्हा दुर्गाघाटावरच्या निम्म्या घरांनी आमच्याकडे जेवायला येणं सोडलं. उरलेल्या निम्म्यांना शिकारीचा शौक होता!

आता दुकान काका चालवतात. आईवडील मला आठवत नाहीत, मी काका-काकूंकडेच वाढले. काका मनाने चांगले, नेमबाज उत्तम, पण कोणाचं ऐकायचं नाही हे व्रत. ऐकलंच तर शास्त्रीबुवांचं. शास्त्रीबुवा काकांचे बालमित्र. मुहूर्त, शकुन, सोवळंओवळं, सगळ्यात त्यांचा शब्द शेवटचा. बंदूक त्यांनी जन्मात हातात धरलेली नाही, पण काडतूस कसं भरावं यावर त्यांचं मत तयार असतं.

आणि मी बी.एस्सी.ला, विषय केमिस्ट्री. माझं मत कोणी विचारत नाही. मी न विचारता देते.

लढाई सुरू झाल्यापासून विलायती काडतुसं येईनाशी झाली, आणि जुन्या पुंगळ्या घरी भरण्याला भाव आला. तळाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, आत तोलून दारू घालायची, तोंडाला शिशाची गोळी बसवायची. ऐकायला सोपं. पण दारू गव्हाच्या दाण्याएवढी कमीजास्त झाली की गोळी हातभर वरखाली जाते. गिऱ्हाईक आमचे मुख्यतः कोल्ह्यांचे. म्हणजे कोल्हे मारणारे! गंगेपलीकडच्या वाळूत उन्हाळ्यात टरबूज-खरबुजांच्या वाड्या लागतात आणि कोल्हे त्यांचा फडशा पाडतात. तिकडचा मेवालाल दरवर्षी काकांना बोलावतो. पहाटे आमची नाव पलीकडे जाते. काका रायफल चालवायला, शास्त्रीबुवा शकुन पाहायला आणि मी पुंगळ्या वेचायला. त्यांच्या हिशेबी मी त्याच कामाची.

यंदा ग्वाल्हेरहून माझ्यासाठी स्थळ आलं. मी काकांना सरळ म्हटलं, "मला दुकानात बसायचंय. काडतुसं भरायचं टेबल माझ्या ताब्यात द्या." काका हसले. मी हसले नाही. बऱ्याच आरडाओरड्यानंतर ठरलं ते असं. सीझन संपताना पलीकडच्या वाळूत चाचणी घ्यायची. ज्याची काडतुसं सरस, टेबल त्याचं. माझी ठरली तर ग्वाल्हेरला नकार. काकांची ठरली तर आषाढाच्या आत मी ग्वाल्हेरला, पदर डोक्यावर घेऊन!

एवढं लक्षात ठेवा आणि आता ऐका.

* * *

काका दारू तोलायचे गुंजांनी. त्या लाल, काळ्या ठिपक्याच्या बिया. सोनारकाट्याच्या एका पारड्यात गुंजा, दुसऱ्यात दारू. मी त्यातल्या वीस गुंजा कॉलेजात नेल्या, काचेच्या पेटीतल्या तराजूवर एकेक तोलली आणि कागद काकांच्या पुढ्यात ठेवला. दोन गुंजा सारख्या निघतील तर शपथ!

"बघा," मी म्हटलं. "म्हणून तुमची एक गोळी वर जाते, एक खाली."

काकांनी कागद चष्म्याजवळ नेला, लांब धरला. "अगं, गुंजांचं वजन पेशवाईपासून चालत आलंय."

"म्हणूनच पेशवाई गेली!"

काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पाहते तर टेबलावर गुंजांचा ढीग, आणि काका एकेक गुंज बोटात फिरवून बाजूला काढताहेत.

"हे काय?"

"निवडतोय," काका विजयी मुद्रेने म्हणाले. "आता सगळ्या एका शेंगेतल्या. सख्ख्या बहिणी! आता काय म्हणणं आहे तुझं?"

"काकूला आणि तिच्या सख्ख्या बहिणीला एकदा पारड्यात बसवून बघा."

आतून काकूचा आवाज आला, "मी ऐकतेय हं!"

मी बाजारातून ग्रेनच्या इंग्रजी मापाची पितळी वजनं आणली. माझ्या भरणीपुरती. काकांच्या सख्ख्या बहिणी अजून डबीत आहेत.

* * *

शिशाची गोळी पुंगळीत बसवण्याआधी तिला स्निग्ध काहीतरी लावावं लागतं. नाहीतर रायफलीची नळी शिशाने माखते आणि नेम बिघडतो. साहेबलोक चरबी लावतात. आमच्याकडे चरबीचं नाव काढलं तरी आंघोळ करावी लागते. मी म्हटलं, मधमाश्यांचं मेण लावू. तिळाच्या तेलात थोडं पातळ केलं की झालं.

शास्त्रीबुवांनी डोळे मिटले. "मेण म्हणजे माश्यांचं उष्टं. साजूक तूप लावा. तूप पवित्र, तूप तेजस्वी. अग्नीला सर्वांत प्रिय काय? तूप!"

"अग्नीला प्रिय असेल, टोपीला नाही," मी म्हटलं. "तूप वितळून आत गेलं की दारू भिजेल."

"मुली, यज्ञात आजपर्यंत तुपाने अग्नी विझल्याचं ऐकलंस?"

हे गेल्या उन्हाळ्यातलं. काकांनी काडतुसं तुपात भरली आणि डबा भर उन्हात नावेत ठेवला. वाळूवर पोचून उघडतो तर आत मुंग्यांची पंगत बसलेली! काकांनी मुंग्या फुंकरून उडवल्या, काडतूस घातलं. पन्नास पावलांवर कोल्हा टरबूज फोडून निवांत खात होता. काकांनी चाप ओढला.

फुस्स!

गोळी नळीतून बाहेर आली खरी, पण कशी? पानाची पिंक टाकावी तशी. दहा पावलांवर वाळूत पडली. कोल्ह्याने मान वर केली, आमच्याकडे पाहिलं, आणि पळून जायचं सोडून चार पावलं पुढे आला. वास आला असणार!

मेवालाल हात जोडून म्हणाला, "महाराज, मारे के बा कि न्योता देवे के बा?"

शास्त्रीबुवा काय म्हणाले माहीत आहे? "तूप म्हशीचं होतं. मी गाईचं म्हटलं होतं."

* * *

काशीत मरणाऱ्याला मुक्ती मिळते, हे सगळ्या जगाला ठाऊक. पलीकडच्या काठावर मरणारा गाढवाच्या जन्माला जातो, हे आम्हा काशीकरांना ठाऊक! मणिकर्णिकेच्या अंगाला मोक्ष, समोरच्या अंगाला गाढव. मधे नुसती नदी.

एकदा नाव निम्म्यात आली आणि शास्त्रीबुवा एकदम गंभीर झाले. "दिनकरराव," ते काकांना म्हणाले, "आपण दरवर्षी कोल्हे पलीकडच्या काठावर मारतो. म्हणजे ते सगळे गाढवं होणार."

काकांनी वल्हवणाऱ्याला हात केला. नाव थांबली. भर गंगेत!

"मग काय करायचं म्हणता?"

"विचार करण्यासारखी गोष्ट आहे. प्राण जाण्यापूर्वी त्यांना या काठाला आणता आलं तर..."

मला राहवेना. "हाकत आणायचं का? अहिल्याबाई घाटावर स्नान घालून, दक्षिणा घेऊन, मग गोळी घालायची?"

"थट्टेचा विषय नाही हा. एका जिवाच्या पुढच्या जन्माचा प्रश्न आहे."

नावाडी इतका वेळ गप्प होता. तो वल्हं टाकून म्हणाला, "पंडितजी, हमरे भाई धोबी हउवन. गदहा महँगा मिलत बा. चलीं, जल्दी चलीं!"

* * *

कोल्ह्यासाठी कुठलं काडतूस घ्यावं याचे दोन पंथ आहेत. एक माझा. कोल्हा म्हणजे मांजरापेक्षा थोडा मोठा जीव. हलकी गोळी, बेताची दारू, आणि नेम. दुसरा पंथ काकांचा. दारू जितकी जास्त तितका धाक जास्त!

तुपाच्या फजितीनंतर काकांनी जिद्दीने भरणी वाढवली. मी सांगितलं, "काका, हे कोल्ह्याचं काडतूस नाही राहिलं." काका म्हणाले, "तू पुंगळ्या वेच."

दुसऱ्या खेपेला कोल्हा वाळूच्या उतारावर उभा होता आणि त्याच्या पलीकडे, काठाला लावलेली आमची रिकामी नाव. काकांनी बार काढला. खांद्याला असा दणका बसला की पगडी मागे. कोल्हा उडी मारून पसार झाला. गोळी त्याच्या पाठीवरून गेली, वाळूला घासली, वर उसळली आणि थेट नावेच्या फळीतून आरपार!

भोक बोटाएवढं. परतताना पाणी आत यायला लागलं. नावाडी वल्ह्यावर, काका रायफल सांभाळत, मी पाणी उपसत. उरले शास्त्रीबुवा. त्यांनी तर्जनी भोकात घातली आणि पैलतीरापासून घाटापर्यंत तशीच धरून बसले. जपाची वेळ झाली. माळ उजव्या हातात घ्यायची, आणि उजव्याच हाताचं बोट भोकात!

"डावं बोट घाला," मी सुचवलं.

"डावा हात गंगेत? अशुभ!"

"मग जप डाव्या हाताने करा."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की भोक माझ्यात पडावं. त्या दिवशी मुंज झाल्यापासून पहिल्यांदा शास्त्रीबुवांचा जप चुकला. काकांनी भरणी दुसऱ्याच दिवशी कमी केली. माझ्या सांगण्याने नव्हे. जप चुकला म्हणून!

* * *

रेल्वेचे एक साहेब दुकानात आले. त्यांनाही कोल्हेच मारायचे होते, बंगल्यातल्या कोंबड्यांपायी. काका आत जेवत होते. गल्ल्यावर मी. साहेबांनी माझ्यावरून नजर फिरवून मागच्या भिंतीकडे पाहिलं आणि विचारलं, दुकानात कोणी आहे का?

"मी आहे," मी इंग्रजीत म्हटलं.

साहेब दचकले. मग त्यांनी आपली रायफल टेबलावर ठेवली आणि हुकूम सोडला. पुंगळी काठोकाठ दारूने भरून द्या. जितकी मावेल तितकी.

मी रायफल उघडून पाहिली. जुनी, सैल झालेली. म्हटलं, "नाही देणार."

"का?"

"कोल्हा समोर असतो, साहेब. तुमचा डोळा मागे असतो. भरणी जास्त झाली की कोणाला लागेल याचा भरवसा नाही."

साहेब लाल झाले. तेवढ्यात हात पुसत काका आले. काकांना इंग्रजी बेताचंच. साहेबांनी तावातावाने तक्रार केली. काका मान हलवत राहिले आणि मग मला मराठीत म्हणाले, "काय म्हणतोय?"

"म्हणतोय, तुमची पुतणी फार हुशार आहे."

काकांनी साहेबांकडे पाहून हात जोडले आणि त्यांना जेवढं येत होतं तेवढ्या सगळ्या इंग्रजीत म्हणाले, "थँक्यू, साहेब! व्हेरी ट्रू!"

साहेब बेताच्या भरणीची पन्नास काडतुसं घेऊन गेले. महिन्याने परत आले तेव्हा दारातूनच विचारलं, "ती मुलगी आहे का?" काका म्हणाले, "आत आहे. तिच्याशी काय काम?" काकांचं हे असं!

* * *

आमच्या घरात महिना अमावास्येला संपतो. बाहेर काशीत पौर्णिमेला. म्हणजे शुद्ध पक्ष सगळ्यांचा एक, पण वद्य पक्षात आमच्याकडे चैत्र चालू असतो तेव्हा गल्लीत वैशाख लागलेला! पिढ्यान्‌पिढ्या इथे राहून आम्हाला हे पाठ आहे. शास्त्रीबुवांना तर झोपेतही. पण त्यांची एक खोड. पंचांग काढलं की काशी विसरतात आणि थेट कोकणात जाऊन बसतात.

कोल्ह्यांचा मोठा हाकारा घालायचा होता. शास्त्रीबुवांनी मुहूर्त काढून मेवालालला चिठ्ठी पाठवली. वैशाख वद्य पंचमी, सूर्योदय. आम्ही निवांत. महिना दीड महिना हातात! काकांनी पुंगळ्या घासायलाही घेतल्या नव्हत्या.

चैत्र चालू होता. एके दिवशी ऊन चांगलं चढल्यावर मेवालाल दुकानात आला. गळ्यात ढोल, घामाने निथळलेला, मागे पाच-सहा माणसं थाळ्या घेऊन.

"महाराज, तीस आदमी भोर से बालू पर ढोल पीटत हउवन. सियार सब निकल के सामने खड़ा बाड़न. आप कहाँ रह गइलीं?"

काका शास्त्रीबुवांकडे वळले. शास्त्रीबुवांनी पंचांग उघडलं, पान उलटलं, परत उलटलं. त्यांच्या कपाळावरचं गंध घामाने ओघळायला लागलं.

"आज गल्लीत कोणता महिना आहे?" मी गोड आवाजात विचारलं.

त्यांनी उपरण्याने कपाळ पुसलं. मग पंचांग मिटून मेवालालला म्हणाले, "हा सराव होता."

* * *

आता काटा कसा माझ्या हाती आला ते सांगते.

एका दुपारी मी टेबलाशी उभी राहून टोप्या मोजत होते. शास्त्रीबुवा काकांना खालच्या आवाजात काहीतरी सांगत होते. माझ्या कानांना खालचा आवाज जास्त चांगला ऐकू येतो.

"ते चार दिवस हिला दुकानाच्या पायरीवरही येऊ देऊ नका. दारू सर्द होते."

दर महिन्याला चार दिवस मी मागच्या अंगणाच्या खोलीत बसते. काकू ताट उंबऱ्यापाशी ठेवते, मी ओढून घेते. कोणी शिवायचं नाही, कोणाला शिवायचं नाही. कॉलेजात प्रयोगशाळेत त्या दिवसांत मी ॲसिडच्या बाटल्या हाताळते, त्या काही रडत नाहीत. पण घरी आलं की अंगणाची खोली!

मी टोप्यांचा डबा आपटला. "केमिस्ट्रीच्या कुठल्या पुस्तकात आहे हे?"

शास्त्रीबुवा दचकले, पण हटले नाहीत. "हे पुस्तकात नसतं. अनुभवावर असतं."

"तुम्हाला कितीदा आला हा अनुभव?"

काकांना ठसका लागला. शास्त्रीबुवा उपरणं झटकून निघून गेले. मला रात्रीपर्यंत बोलणी बसली. आणि नेमकं आठ दिवसांनी मला अंगणाच्या खोलीत जावं लागलं. चाचणी तीन आठवड्यांवर, आणि माझा एकही डबा भरलेला नाही! टेबलाशी बसले की काका डोकावत, गिऱ्हाईक डोकावे, शास्त्रीबुवा मुहूर्त सांगत. एक पुंगळी धड तोलून होत नव्हती. आणि आता हे चार दिवस फुकट.

मी खोलीत बसून भिंतीवरच्या पालीला ग्वाल्हेरविषयी माझं मत सांगत होते. काकू ताट घेऊन आली. उंबऱ्याशी ठेवलं, कमरेवर हात देऊन उभी राहिली.

"इतकी काय चिडतेस? चार दिवस तुझ्या वाऱ्याला कोणी उभं राहत नाही. मी तुझ्याएवढी होते तेव्हा याच खोलीत बसून अख्खं भागवत वाचलं. एरवी कोण वाचू देतंय?"

मी काकूकडे पाहत राहिले.

"आणखी काही हवंय का तुला?" तिने विचारलं.

"हो," मी म्हटलं. "सोनारकाटा."

काकू पदर खोचून निघून गेली. संध्याकाळी ताट आलं ते केळीच्या पानाने झाकून. पान उचललं. वरणभात, लोणचं, आणि काटा! सकाळच्या ताटाबरोबर माझी वजनं आणि पुंगळ्या. दुपारी शेगडी, मेणाचा गोळा, साचा आणि शिसं. शेगडी विझली, मग टोप्या आणि दारूचा डबा. काकू एवढंच म्हणाली, "दारूपाशी दिवा नको नेऊस. उजेड आहे तोवर कर आणि नीज."

चार दिवस. दार लोटलेलं, वाऱ्याची झुळूक नाही, काट्याची सुई स्थिर. प्रत्येक गोळी तोलली, हलकी-जड वेगळी काढली. प्रत्येक पुंगळीत दारू तीनदा तोलून घातली. कोणी मुहूर्त सांगायला आलं नाही. कोणी तूप आणलं नाही.

पाचव्या दिवशी मी न्हाले. काकूने माझ्याबरोबर काट्यालाही आंघोळ घातली.

* * *

गंगादशहरा झाला आणि चाचणीचा दिवस आला. वाळूत फळी उभी केली, तिच्यावर चुन्याने वर्तुळ काढलं, आणि शंभर पावलं मोजली. नेम काकांचा, तिन्ही डब्यांना. त्यांच्या नेमाबद्दल माझी तक्रार नाही. आणि खोटेपणा त्यांच्या हातून होत नाही.

डब्यांवर तिथी लिहिलेल्या. पहिला अक्षय्य तृतीयेचा, काकांनी शास्त्रीबुवांच्या मुहूर्तावर भरलेला. दुसरा एकादशीचा, काकांनीच उपासाच्या पोटी सख्ख्या बहिणींनी तोललेला. तिसरा माझा.

पहिल्या डब्यातल्या पाच गोळ्या फळीवर अशा पडल्या की एक काशीला, एक प्रयागला, एक गयेला. दोन फळीलाच भेटल्या नाहीत. शास्त्रीबुवा म्हणाले, "वारा आहे." झाडाचं पानही हलत नव्हतं!

दुसऱ्या डब्याच्या पाची लागल्या. ताटाएवढ्या जागेत. काकांनी मिशीवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे पाहिलं. मला ग्वाल्हेरची गाडी दिसायला लागली.

तिसरा डबा. एक. दोन. तीन. चार. पाच. काका उठले आणि स्वतः फळीपर्यंत चालत गेले.  मग त्यांनी पाची भोकांवर तळहात ठेवला. पाची झाकली गेली. तरी हात हलवेनात.

तेवढ्यात मेवालाल ओरडला.

आठ दिवसांपूर्वी एक पिसाळलेला कोल्हा त्याच्या गाईला चावला होता. तोच कोल्हा दिवसाढवळ्या वाडीतून झोकांड्या खात येत होता, जबड्यातून फेस गळत. आणि समोर झोपडीच्या दाराशी मेवालालची सून तान्ह्याला मांडीवर घेऊन बसलेली. तिला उठता येईना. ओरडताही येईना.

काका धावत परत आले आणि वाळूत गुडघा टेकला. रायफल एकनळी. एकच बार. चुकला तर दुसरा भरेपर्यंत कोल्हा झोपडीत! तीन डबे उघडे पडलेले. काकांचा हात सवयीने दुसऱ्या डब्याकडे गेला. थांबला. मग तिसऱ्यातलं एक उचललं.

मी डोळे मिटले नाहीत. काडतूस माझं होतं.

बार झाला. कोल्हा दाराच्या दहा पावलं अलीकडे जागच्या जागी बसला, जसा काही दमून. परत उठला नाही. सून तेव्हा कुठे रडायला लागली. मेवालालने तान्ह्याला उचललं आणि माझ्या मांडीवर आणून ठेवलं. 

 काकांनी रायफल उघडली, रिकामी पुंगळी वाकून स्वतः उचलली आणि माझ्या तळहातावर ठेवली. अजून गरम होती. शास्त्रीबुवांनीसुद्धा गाढवाचा विषय काढला नाही.

दुपारी घरी पंगत बसली. काका पहिल्या घासाआधी म्हणाले, "ग्वाल्हेरला उद्या पत्र टाकतो. म्हणावं, आमच्या मुलीला वेळ नाही. टेबल तिचं."

शास्त्रीबुवा भातात खळगा करून बसले होते. त्यांच्या डोक्यात अजून तिसरा डबाच घोळत होता.

"त्या डब्यावर तिथी काय होती?"

"वैशाख वद्य पंचमी ते अष्टमी. आपल्या घरातला वैशाख," मी म्हटलं.

"भरलीस कुठे?"

"अंगणाच्या खोलीत. एकटीने."

"मध्ये कोणी आलं-गेलं? शिवाशिव?"

"छे! चार दिवस मला कोणी शिवलं नाही. मीही कोणाला शिवले नाही."

शास्त्रीबुवांचा चेहरा उजळला. त्यांनी मांडीवर थाप मारली. "दिनकरराव, हे बघा! एकांत, मौन, स्पर्श नाही. अहो, याला अनुष्ठान म्हणतात! मी इतकी वर्षं हेच सांगतोय. आता माझं ऐका. दर महिन्याला हे चार दिवस हिला असंच एकांतात बसवा आणि काडतुसं भरून घ्या. घरातल्या कोणी जवळ जायचं नाही. आणि नेम मोडता कामा नये. दर महिन्याला म्हणजे दर महिन्याला!"

काका गंभीरपणे मान हलवत होते. मी ताटात पाहत होते. काकू तुपाचं भांडं घेऊन शास्त्रीबुवांच्या पानाशी उभी होती. तिने त्यांच्या भातावर तूप वाढलं. पळीभर. मग आणखी पळीभर.

"नेम नाही मोडायचा, शास्त्रीबुवा," ती म्हणाली. "पण एखादा-दुसरा दिवस मागेपुढे झाला तर चालेल ना?"

शास्त्रीबुवांनी भात कालवता कालवता उदारपणे मान डोलावली.

"चालेल, चालेल! शास्त्रात तेवढी सवलत आहे."